घटक ७ : मोजक्या रंगांचा धनी : चित्रकार आंडर्स झोर्न

७.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला :
• स्वीडिश चित्रकार आंडर्स झोर्न यांच्या जीवनाचे महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• तैलरंगातील व्यक्तिचित्रात त्वचेची कांती साधण्यासाठी रंगफलक कसा मांडतात, हे स्पष्ट करता येईल.
• कलावंताचे जीवन आणि त्याची कार्यपद्धती यांचा संबंध उलगडून दाखवता येईल.
• चरित्रातील वस्तुस्थिती आणि आख्यायिका यांत फरक करता येईल.

७.१ प्रास्ताविक

मागील घटकांत तुम्ही चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप अभ्यासले आहे. चरित्रात जन्म, शिक्षण, विवाह, मानसन्मान आणि मृत्यू यांच्या नोंदी असतात. परंतु केवळ नोंदींनी चरित्र पूर्ण होत नाही. ज्या कामामुळे ती व्यक्ती स्मरणात राहिली, ते काम ती नेमके कसे करीत असे, हे चरित्रकाराला समजून घ्यावे लागते. सुताराचे चरित्र लिहिणाऱ्याला रंधा माहीत हवा आणि गायकाचे चरित्र लिहिणाऱ्याला स्वर. त्याचप्रमाणे चित्रकाराचे चरित्र लिहिणाऱ्याला त्याचा रंगफलक, म्हणजेच पॅलेट, वाचता यायला हवा.

या दृष्टीने आंडर्स झोर्न (१८६०–१९२०) यांचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत जे व्यक्तिचित्रकार सर्वांत मान्यता पावले, त्यांत त्यांची गणना होते. आजही तैलरंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या नावाने ओळखला जाणारा चार रंगांचा फलक शिकवला जातो. पांढरा, पिवळ्या मातीचा, हिंगुळाचा तांबडा आणि काळा एवढ्याच रंगांतून माणसाच्या चेहऱ्याची सजीव कांती उभी करता येते, हे त्यांच्या चित्रांनी दाखवून दिले. साधने थोडी असली म्हणजे काम थोटके होते, असा आपला समज असतो. तो समज तपासून पाहण्याची संधी हे चरित्र देते.

७.२ विषय विवेचन

७.२.१ मोरा गावातील बालपण

आंडर्स झोर्न यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८६० रोजी स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील मोरा या गावी झाला. त्यांची आई ग्रुद आना आंडर्सदोत्तर ही शेतकरी कुटुंबातील होती. पोटापाण्यासाठी ती उप्साला शहरातील मद्यनिर्मितीच्या कारखान्यात हंगामी कामाला जात असे. तेथेच तिची भेट लिओनार्ड झोर्न या जर्मन कारागिराशी झाली. त्यांचा विवाह झाला नाही. वडिलांनी मुलाला आपले नाव लावू दिले. पण पितापुत्रांची भेट कधीच झाली नाही. आंडर्सचे बालपण मोरा येथे आजी-आजोबांच्या शेतघरात गेले.

या परिस्थितीचा विचार करताना तुम्ही घाईने करुण निष्कर्ष काढू नका. त्या मुलाच्या वाट्याला दारिद्र्य होते, तसेच एका जुन्या ग्रामीण संस्कृतीची समृद्धीही होती. लाकडी घरे, लोकरीचे रंगीत पोशाख, सणांतील नृत्ये आणि कुशल हातांनी केलेल्या वस्तू यांच्या सहवासात तो वाढला. गुरे राखताना तो लाकडाच्या तुकड्यांतून माणसे आणि प्राणी कोरीत असे. रंगाआधी त्याच्या हाताला घडणीची ओळख झाली. पुढे त्यांनी रंगवलेल्या चेहऱ्यांत हाडांची आणि मांसाची घनता इतकी ठसठशीत का वाटते, याचा एक धागा या कोरीवकामात सापडतो.

१८७२ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यांच्या मागे मिळालेल्या लहानशा वारशामुळे आंडर्सच्या शिक्षणाला आधार मिळाला. मोरा येथील प्राथमिक शिक्षणानंतर तो एन्शोपिंग येथील शाळेत गेला आणि १८७५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, स्टॉकहोमच्या राजकीय कला अकादमीत दाखल झाला.

७.२.२ स्टॉकहोम : जलरंगातील यश

अकादमीत येताना झोर्न यांना शिल्पकार व्हायचे होते. तेथे त्यांचा ओढा जलरंगाकडे वळला. १८८० मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात त्यांनी एक जलरंगचित्र मांडले. त्यात काळ्या जाळीदार बुरख्याआडून दिसणारा एका शोकाकुल तरुणीचा चेहरा होता. या चित्राने वीस वर्षांच्या या विद्यार्थ्याला एकदम प्रकाशात आणले आणि व्यक्तिचित्रांच्या मागण्या येऊ लागल्या.

या चित्राचा विषय आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. काळ्या जाळीखालील त्वचा रंगवायची तर तिचा रंग मंदावतो, परंतु ती निर्जीव होता कामा नये. काळ्या रंगाला न घाबरता त्याच्या सान्निध्यात कांती जिवंत ठेवणे, ही पुढील आयुष्यभराची समस्या झोर्न यांनी येथेच हाती घेतलेली दिसते.

याच सुमारास त्यांची ओळख एम्मा लाम हिच्याशी झाली. ती स्टॉकहोममधील सधन ज्यू व्यापारी कुटुंबातील होती. दोघांनी गुप्तपणे वाङ्निश्चय केला. परंतु शेतकरी आईच्या, पित्याच्या छत्राविना वाढलेल्या तरुणाला अशा घरात विवाहाची मागणी घालायची तर आधी स्वतःच्या पायावर उभे राहणे भाग होते. १८८१ मध्ये अकादमीच्या चालकांशी खटका उडून त्यांनी ती संस्था सोडली आणि ते परदेशी निघाले. स्पेन आणि इंग्लंड येथे त्यांनी काम केले; लंडनमध्ये श्रीमंतांची जलरंगातील व्यक्तिचित्रे काढून नाव आणि पैसा मिळवला. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा एम्माशी विवाह झाला. व्यक्तिचित्रण हा त्यांच्यासाठी केवळ आवडीचा प्रांत नव्हता. त्यावर त्यांचे घर उभे राहायचे होते.

७.२.३ लंडन ते सेंट आयव्ह्ज : दोन नवी माध्यमे

लंडनच्या वास्तव्यात आक्सेल हर्मन हेग या मूळच्या स्वीडिश कलावंताकडून झोर्न यांनी अम्लरेखन शिकून घेतले. धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून, त्या अम्लाने खोल करून, शाईने छापण्याचे हे तंत्र आहे. पुढे त्यांनी अशी सुमारे २९० चित्रे केली. या माध्यमात रंग नसतात. गाल, कपाळ, केस आणि पार्श्वभूमी हे सारे काळ्या रेषांच्या दाटी-विरळपणातून सांगावे लागते. त्यामुळे चेहरा पाहताना रंगाच्या आधी उजेड-अंधाराची पायरी मोजण्याची सवय डोळ्याला लागते. झोर्न यांच्या तैलचित्रांचा पाया समजून घ्यायचा असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवा.

१८८७-८८ च्या हिवाळ्यात हे दांपत्य इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील सेंट आयव्ह्ज या कोळ्यांच्या गावी राहिले. तेथे चित्रकारांची वसाहत होती. जलरंगात कीर्ती मिळवलेल्या झोर्न यांनी येथे तैलरंग गांभीर्याने हाती घेतला. तेथील कोळ्याचे त्यांनी काढलेले तैलचित्र १८८८ मध्ये पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात लागले आणि फ्रेंच सरकारने ते विकत घेतले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, प्रस्थापित माध्यम बाजूला ठेवून नवे माध्यम शिकण्याचे धाडस त्यांनी केले होते.

जलरंग आणि तैलरंग यांतील फरक येथे समजून घ्या. जलरंगात उजळपणा कागदाच्या पांढरेपणातून येतो. रंग पातळ करून कागद दिसू दिला की छटा उजळते. तैलरंगात उजळपणा सफेद रंग मिसळून आणावा लागतो. सफेद रंग मात्र केवळ उजळ करीत नाही. तो इतर रंगांची ऊब कमी करतो आणि त्यांना खडूसारखे फिके करतो. म्हणून जलरंगातून येणाऱ्या चित्रकाराला त्वचा रंगवताना रंगांची नवी व्यवस्था लावावी लागते. झोर्न यांच्या चार रंगांच्या फलकाकडे या गरजेतून पाहिले पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१) झोर्न यांनी सेंट आयव्ह्ज येथे कोणते माध्यम गांभीर्याने स्वीकारले?
२) अम्लरेखनामुळे चित्रकाराच्या डोळ्याला कोणती सवय लागते?
३) तैलरंगात सफेद रंग मिसळल्याने कोणते दोन परिणाम होतात?

७.२.४ चार रंगांचा फलक

झोर्न यांच्या नावाशी जोडलेले चार रंग कोणते, ते पाहू.

अ) सफेद : त्या काळी हा शिशापासून केलेला सफेदा असे. तो दाट, लवकर वाळणारा आणि किंचित उबदार असतो. शिसे विषारी असल्यामुळे आज बहुतेक विद्यार्थी टिटॅनियम सफेद वापरतात. टिटॅनियमचा सफेद अधिक प्रखर असल्याने तो जपून, थोडा थोडा मिसळावा लागतो.

आ) पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर : लोहयुक्त मातीपासून मिळणारा हा रंग झगझगीत नसतो. त्याचा शांत पिवळेपणा त्वचेला जवळचा असतो.

इ) हिंगूळ, म्हणजे व्हर्मिलियन : पारा आणि गंधक यांच्या संयोगातून होणारा नारिंगी झाक असलेला तांबडा रंग. आपल्याकडेही हिंगूळ चित्रांत वापरला जात आला आहे. तोही विषारी आणि महाग असल्याने आज त्याच्या जागी बहुधा कॅडमियमचा फिका तांबडा घेतात. हाताळताना काळजी त्याचीही घ्यावी लागते.

ई) काळा, म्हणजे आयव्हरी ब्लॅक : मुळात हस्तिदंत जाळून आणि पुढे हाडे जाळून केलेला काळा. त्यात किंचित निळी झाक असते.

या यादीत निळा रंग नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. मग चेहऱ्यावरील गार, निळसर छटा कोठून येतात? काळ्यात सफेद मिसळला की करडा रंग होतो. तो करडा नारिंगी किंवा तांबूस रंगाशेजारी ठेवला की डोळ्याला निळा भासतो. काळ्यात पिवळी माती मिसळली की शेवाळी हिरवा मिळतो. हिंगुळात काळा मिसळला की गडद तपकिरी मिळतो, तर हिंगूळ आणि पिवळी माती एकत्र आली की नारिंगी. अशा रीतीने काळा रंग या फलकावर अंधार करण्यापुरता नसतो. तो निळ्याची जबाबदारी पार पाडतो. रंगाचे मोल त्याच्या शेजाऱ्यावरून ठरते, हा या फलकाचा मुख्य धडा आहे.

चार रंगांची कल्पना झोर्न यांच्यापासून सुरू झाली नाही. रोमन लेखक प्लिनी याने प्राचीन ग्रीक चित्रकारांविषयी लिहिताना पांढरा, पिवळा, तांबडा आणि काळा या चार रंगांवर काम करणाऱ्या आपेलीझसारख्या कलावंतांची नोंद केली आहे. झोर्न यांनी ही जुनी मर्यादा आधुनिक व्यक्तिचित्रणात पुन्हा प्रत्ययास आणून दिली.

७.२.५ फलकाची मांडणी आणि चेहरा

आता हा फलक प्रत्यक्ष कसा मांडतात, ते क्रमाने पाहा. रंग फलकाच्या बाहेरच्या कडेने, उजळाकडून गडदाकडे अशा क्रमाने काढण्याची रीत व्यक्तिचित्रकारांत रूढ आहे : अंगठ्याच्या छिद्राजवळ सफेद, मग पिवळी माती, मग हिंगूळ आणि शेवटी काळा. सफेद रंग सर्वांत जास्त खर्ची पडतो, म्हणून त्याचा गोळा मोठा असतो. मधली जागा मिश्रणासाठी मोकळी ठेवतात. क्रम रोज तोच ठेवला की हात न पाहता योग्य रंगाकडे जातो आणि डोळा समोरच्या माणसावर राहतो. बसलेला माणूस हलतो, थकतो आणि उजेड सरकतो, म्हणून वाचलेला प्रत्येक क्षण मोलाचा असतो.

यानंतर त्वचेच्या छटा. चेहऱ्याचा रंग म्हणून एकच रंग तयार करून तो सर्वत्र लावला तर चित्र मुखवट्यासारखे दिसते. त्याऐवजी पुढील पायऱ्या उपयोगी पडतात :

१) प्रथम मध्यछटा तयार करावी. पिवळी माती आणि हिंगूळ यांचे नारिंगी मिश्रण करून त्यात सफेद मिसळावा आणि अगदी थोड्या काळ्याने त्याचा झगझगीतपणा उतरवावा. चेहऱ्याचा जो भाग ना पूर्ण उजेडात, ना पूर्ण सावलीत आहे, त्याच्याशी ही छटा ताडून पाहावी.

२) या मध्यछटेचे तीन भाग करावेत. एकात पिवळी माती, दुसऱ्यात हिंगूळ आणि तिसऱ्यात काळ्या-पांढऱ्याचा करडा थोडा अधिक घालावा. उजळपणा तिन्हींचा सारखाच ठेवावा. यामुळे एकाच उजेडातील पिवळसर, तांबूस आणि गार अशा तीन छटा हाताशी येतात.

३) उजळ छटा करताना सफेदाबरोबर पिवळ्या मातीचा अंश घालावा, अन्यथा उजेड खडूसारखा होतो.

४) सावली करताना केवळ काळा मिसळू नये, काळ्याबरोबर हिंगूळ किंवा पिवळी माती घालावी. सावली पातळ आणि उजेड दाट लावावा.

५) अखेरची झळाळी, नाकाच्या शेंड्यावरील किंवा डोळ्यातील, सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी द्यावी.

चेहऱ्याचे स्थूल मानाने तीन पट्टे चित्रकार मानतात. कपाळाची त्वचा हाडाला लगटून असते, तेथे पिवळसर झाक येते. गाल, नाक आणि कान येथे रक्तवाहिन्या त्वचेच्या जवळ असल्याने तांबूसपणा दिसतो. हनुवटी आणि जबडा, विशेषतः पुरुषांच्या दाढीचा भाग, करडा किंवा हिरवट दिसतो. वर सांगितलेल्या तीन छटा या तीन पट्ट्यांना नेमक्या लागू पडतात.

उत्तर दिशेच्या खिडकीतून येणारा प्रकाश दिवसभर स्थिर आणि गार असतो, म्हणून युरोपातील चित्रशाळांत तो पसंत केला जाई. गार उजेडात सावल्या उबदार दिसतात. उलट दिव्याच्या पिवळ्या उजेडात सावल्या गार भासतात. उजेडाची ही जात ओळखल्याशिवाय कोणतेही मिश्रण बरोबर ठरत नाही.

झोर्न यांच्यासमोर बहुतेक युरोपीय चेहरे होते. पण ही पद्धत गोऱ्या कांतीपुरती मर्यादित नाही. सावळ्या किंवा काळ्या वर्णासाठी मध्यछटेपासून सफेद कमी आणि माती, हिंगूळ व काळा यांचे प्रमाण अधिक ठेवावे. अशा त्वचेवरील झळाळी अनेकदा गार असते, म्हणून तेथे करड्याची योजना उपयोगी पडते. तुम्ही तुमच्या घरातील माणसांचे चेहरे खिडकीपाशी पाहा. कपाळ, गाल आणि हनुवटी यांतील फरक त्या चेहऱ्यांतही दिसेल.

७.२.६ पॅरिस आणि अमेरिका : कीर्तीचा काळ

१८८८ ते १८९६ या काळात झोर्न पॅरिसमध्ये राहिले. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात त्यांना प्रथम श्रेणीचे पदक मिळाले आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर हा बहुमान लाभला. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात स्वीडिश कलाविभागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. यानंतर ते अनेकदा अमेरिकेस गेले. उद्योगपती, बँकर आणि राजकारणी त्यांच्यासमोर बसू लागले. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचे चित्र त्यांनी १८९९ मध्ये आणि विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांचे १९११ मध्ये केले.

बोस्टनच्या कलासंग्राहक इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर यांचे व्यक्तिचित्र १८९४ मध्ये व्हेनिस येथे रंगवलेले आहे. रात्रीच्या वेळी सज्जातून आत येणारी, दोन्ही हात पसरलेली स्त्री त्यात दिसते. मागे अंधार आहे. चेहरा, बाहू आणि पोशाख उजळलेले आहेत. रात्रीच्या काळोखाशेजारी कांतीची ऊब किती वाढते, हे या चित्रात पाहण्यासारखे आहे.

७.२.७ आख्यायिका आणि वस्तुस्थिती

चरित्राच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. झोर्न यांनी आयुष्यभर केवळ चारच रंग वापरले, असे अनेकदा सांगितले जाते. हे विधान कितपत खरे मानावे?

विधानाच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात १८९६ चे एक आत्मचित्र आहे. त्यात झोर्न हातात फलक घेऊन बसलेले असून मागे सावलीत मॉडेल आहे. त्या फलकावर सफेद, पिवळी माती, तांबडा आणि काळा एवढेच रंग दिसतात. चित्रकाराने स्वतःच्या ओळखीसाठी हाच फलक निवडला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्यांच्या अनेक व्यक्तिचित्रांचे रंगही या चौकडीत बसतात.

विरुद्ध बाजूचा पुरावा त्यांच्याच इतर चित्रांत आहे. समुद्राचे पाणी, उन्हातील गवत, दालार्नाचे रंगीत पोशाख रंगवताना निळे आणि हिरवे त्यांनी वापरलेले दिसतात. चार रंगांतून स्वच्छ निळे आकाश, झळझळीत हिरवळ किंवा शुद्ध जांभळा मिळत नाही. त्या रंगांची गरज पडली तेव्हा झोर्न यांनी ते घेतले.

म्हणून न्याय्य निष्कर्ष असा : चार रंगांचा फलक हे झोर्न यांचे व्रत नव्हते, ती त्यांची निवड होती. चेहरा आणि देह रंगवताना अधिक रंगांची आवश्यकता नाही, हे त्यांनी ओळखले आणि जेथे आवश्यकता नव्हती तेथे ते रंग घेतले नाहीत. आख्यायिका मर्यादेला हट्ट बनवते. वस्तुस्थिती तिला विवेक म्हणून दाखवते. चरित्र वाचताना आणि लिहिताना हा फरक जपणे तुमचे काम आहे.

७.२.८ पुन्हा मोरा

१८९६ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, झोर्न दांपत्य मोरा येथे कायमचे राहण्यास आले. झोर्न यांनी तेथे पूर्वीच जमीन घेतली होती आणि आजोबांचे लाकडी घर तेथे हलवून आणले होते. त्याभोवती वाढत गेलेले निवासस्थान आज झोर्नगोर्डेन म्हणून ओळखले जाते. ज्या गावातून तो मुलगा वारशाच्या तुटपुंज्या आधारावर बाहेर पडला होता, त्याच गावात आजोबांच्या घराला त्याने आपल्या घराचा भाग केले.

१८९७ मध्ये त्यांनी ग्रीष्मातील सणाच्या रात्रीचे नृत्य रंगवले. उत्तरेकडील उन्हाळ्यात रात्रीही मावळत नसलेल्या मंद उजेडात नाचणारी गावकरी मंडळी त्यात दिसतात. १८९८ मध्ये त्यांनी आपल्या आईचे, म्हणजे मोनाचे, तैलचित्र केले. गावाच्या पारंपरिक पोशाखातील त्या वृद्ध स्त्रीचा चेहरा त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्याइतक्याच आदराने रंगवला. कारखान्यात राबलेली आई आणि सत्ताधारी पुरुष यांच्यासाठी त्यांचा रंगफलक वेगळा नव्हता.

शिल्पकार होण्याची जुनी इच्छाही त्यांनी पुरी केली. राजा गुस्ताव्ह वासा यांचा त्यांनी घडवलेला पुतळा १९०३ मध्ये मोरा येथे उभारला गेला. गावात प्रौढांच्या शिक्षणासाठी लोकविद्यालय सुरू करण्यात या दांपत्याचा मोठा वाटा होता. दूरशिक्षणाने शिकणाऱ्या तुम्हां प्रौढ विद्यार्थ्यांना ही गोष्ट विशेष जवळची वाटेल. जुनी लोकगीते, वाद्यसंगीत आणि हस्तकला यांच्या जतनासाठीही त्यांनी पैसा आणि श्रम खर्च केले.

१९१५ मध्ये झोर्न यांनी स्वतःला लाल पोशाखात रंगवले. देह स्थूल झालेला, नजर थेट पाहणाऱ्यावर आणि चित्राचा बराच भाग तांबड्याने व्यापलेला. गालांवर तोळ्यामाशाने वापरावयाचा तांबडा येथे अंगभर पसरला आहे. तरीही चेहरा त्यात हरवत नाही. तांबड्याच्या शेजारी त्वचा किती पिवळसर आणि करडी ठेवली म्हणजे ती त्वचा वाटेल, याचा अचूक हिशेब त्यामागे आहे.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मोरा येथे झोर्न यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. पतिपत्नींची संपत्ती आणि कलासंग्रह स्वीडिश राष्ट्राकडे गेला. एम्मा यांच्या पुढाकाराने मोरा येथे त्यांच्या चित्रांचे संग्रहालय उभे राहिले व १९३९ मध्ये ते खुले झाले. १९४२ मध्ये एम्मा यांचेही निधन झाले. दरम्यान आधुनिक कलाप्रवाहांनी अभिरुची बदलली होती आणि झोर्न यांचे नाव काही काळ मागे पडले. परंतु व्यक्तिचित्रण शिकणाऱ्यांच्या चित्रशाळांत त्यांचा फलक टिकून राहिला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
१) चार रंगांच्या फलकावर निळ्याची उणीव कोणता रंग भरून काढतो आणि कशी?
२) १८९६ च्या आत्मचित्राला पुरावा म्हणून महत्त्व का आहे?
३) झोर्न यांनी घडवलेला गुस्ताव्ह वासा यांचा पुतळा कोठे आहे?

७.३ सारांश

आंडर्स झोर्न यांचे जीवन एका खेड्यातील शेतघरापासून युरोप-अमेरिकेच्या प्रतिष्ठित दालनांपर्यंत गेले आणि स्वेच्छेने पुन्हा त्या खेड्यात परतले. कोरीवकाम, जलरंग, अम्लरेखन आणि तैलरंग अशी त्यांच्या शिक्षणाची वाट होती. या प्रत्येक माध्यमाने त्यांच्या डोळ्याला काही शिकवले : घडण, पारदर्शकता, उजेड-अंधाराच्या पायऱ्या आणि शेवटी कांती. त्वचेचा रंग नळीत तयार मिळत नाही. तो शेजारच्या रंगांच्या संबंधातून, नीट लावलेल्या क्रमातून आणि वारंवार ताडून पाहण्यातून निर्माण होतो. चार रंगांची मर्यादा झोर्न यांनी जेथे पुरेशी होती तेथे पाळली आणि जेथे अपुरी होती तेथे ओलांडली. साधने थोडी असण्यापेक्षा त्यांची व्यवस्था नसणे हा मोठा अडथळा असतो, हे या चरित्रातून ध्यानात येते. नोकरी, संसार आणि मोजका वेळ सांभाळून अभ्यास करणाऱ्या तुम्हांला हा विचार आपल्या कामातही पडताळून पाहता येईल.

७.४ शब्दार्थ

रंगफलक : रंग काढून मिसळण्यासाठी वापरायची पाटी, पॅलेट.
कांती : त्वचेचा वर्ण आणि तेज.
मध्यछटा : उजेड आणि सावली यांच्या मधली छटा.
सफेदा : शिशापासून केलेला पांढरा रंग.
हिंगूळ : पारा व गंधकयुक्त तांबडा रंग.
अम्लरेखन : धातूच्या पत्र्यावर अम्लाच्या साहाय्याने रेषा कोरून छापण्याचे तंत्र.
आत्मचित्र : चित्रकाराने काढलेले स्वतःचे व्यक्तिचित्र.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १) तैलरंग. २) रंगाआधी उजेड-अंधाराच्या पायऱ्या मोजण्याची. ३) रंग उजळतो, तसेच त्याची ऊब कमी होऊन तो फिका पडतो.

प्रश्न – २ : १) काळा, त्यात सफेद मिसळून झालेला करडा तांबूस रंगांशेजारी निळा भासतो. २) झोर्न यांनी स्वतःच्या हातातील फलकावर चारच रंग दाखवले आहेत. ३) मोरा येथे.

७.६ सरावासाठी प्रश्न

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१) झोर्न यांच्या जीवनातील माध्यमांतरे आणि त्यांची व्यक्तिचित्रणाची पद्धती यांचा संबंध स्पष्ट करा.
२) तैलरंगात त्वचेच्या छटा साधण्यासाठी रंगफलकाची मांडणी कशी करतात, ते सविस्तर लिहा.

आ) टीपा लिहा
१) झोर्न यांचे बालपण
२) काळ्या रंगाचे कार्य
३) चरित्रातील आख्यायिका आणि वस्तुस्थिती

७.७ उपक्रम

१) घरातील एखाद्या व्यक्तीला सकाळी खिडकीजवळ आणि रात्री दिव्याखाली बसवून तिच्या कपाळाच्या, गालाच्या आणि हनुवटीच्या रंगांचे निरीक्षण करा. दोन्ही वेळच्या नोंदींची तुलना करून १५ ओळी लिहा.
२) तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराची साधने आणि ती मांडण्याची रीत पाहा. त्या आधारे त्याचे २०० शब्दांत चरित्रात्मक टिपण तयार करा.